मेश्राम मॅडमचं 'नाही'

मेश्राम मॅडमना काहीही विचारलं तरी पहिलं उत्तर 'नाही' असंच यायचं. पंखा लावू का? नाही. खिडकी उघडू? नाही. आमच्या ध्वनिवाचनालयात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी चहाचं विचारलं, तर माझ्याकडे न बघताच त्यांनी 'नाही' म्हणून टाकलं. पुण्यात चहाला इतकं स्वच्छ 'नाही' म्हणायचा अधिकार यजमानाचा असतो, पाहुण्याचा नव्हे. त्यामुळे मी जरा दुखावलोच. मी वळतो आहे तोच मागून प्रश्न आला, "कोण करतं चहा?" म्हटलं, खालच्या टपरीवरून येतो. "कशासाठी घ्यायचा? बसून बोलायचं आहे, की उगाच रीत म्हणून?" बोलायचं आहे, मी म्हणालो. "कधीपर्यंत?" अर्धा तास तरी लागेल. "मग हो. साखर कमी सांगा."

हे तीन प्रश्न पुढे मी इतक्यांदा ऐकले की झोपेतून उठवलं तरी सांगेन. कोण, कशासाठी, कधीपर्यंत. तिन्हींची उत्तरं पटली की मॅडम 'हो' म्हणायच्या, आणि एकदा 'हो' म्हटल्यावर शब्द फिरवायच्या नाहीत. पण आधीचं 'नाही' कुणालाही चुकत नसे.

हे कशातून आलं ते त्यांनीच त्या पहिल्या चहावर सांगितलं. वाघोलीकडच्या एका कॉलेजात त्या नेटवर्कच्या प्रमुख होत्या. एखाद्या कचेरीतले संगणक आणि बाहेरचं इंटरनेट यांच्या मधोमध फायरवॉल नावाचं एक यंत्र बसवलेलं असतं. आत कुणी यायचं, बाहेर काय जायचं ते ते यंत्र ठरवतं. मॅडमचं आयुष्य या यंत्रांच्या सहवासात गेलेलं. "फायरवॉल नवी असते ना सर, तेव्हा तिला काहीच माहीत नसते," त्या म्हणाल्या. "म्हणून बाहेरून येणाऱ्या सगळ्यांना ती नाही म्हणते. मग आपण तिला एकेक हो शिकवायचा. माणसं उलटं करतात. आधी सगळ्यांना हो म्हणून बसतात आणि मग एकेकाला नाही म्हणता म्हणता भांडणं होतात." त्या मूळच्या नागपूरच्या. एरवी बोलणं अगदी नेटकं, पण मध्येच 'असते', 'होते' असं काही तरी डोकवायचं, आणि पारा चढला की अख्खं नागपूर बाहेर यायचं.

आता आमच्याविषयी. बुधवार पेठेत, वायर आणि स्विचांच्या दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ध्वनिवाचनालय आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी आम्ही काही हौशी मंडळी पाठ्यपुस्तकं मोठ्याने वाचतो आणि ती ध्वनिमुद्रित करून ठेवतो. आपला आवाज चांगला आहे असं मला लहानपणापासून वाटत आलेलं आहे. दुसऱ्या कुणाला तसं वाटल्याचा पुरावा नव्हता. इथे निदान कुणी उठून जात नाही. ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे चारी भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेली एक कोंदट जागा. दार लावलं की पंखा बंद करायचा आणि घाम पुसत अर्थशास्त्र वाचायचं. गोधड्या कितीही ठोकल्या तरी बुधवार पेठ आत शिरतेच. माझ्या आवाजातल्या राज्यघटनेत मूलभूत हक्कांच्या प्रकरणामागे ढोलाचा सराव चालू असल्याचं स्पष्ट ऐकू येतं. मुलं म्हणतात, तेवढंच प्रकरण चांगलं लक्षात राहतं.

आमचे चिटणीस देवधर. बँकेतून निवृत्त झालेले, कुलूप लावल्यावर ते ओढून बघणारे आणि चार पावलं जाऊन परत येऊन पुन्हा ओढणारे. त्यांनी एक चूक करून ठेवली होती, आणि ती अशी होती की केवळ पुण्यातला निवृत्त बँक अधिकारीच ती करू शकेल, कारण तिच्यामागचा युक्तिवाद बिनतोड होता. वाचनालयात इंटरनेट आलं तेव्हा कुणी तरी सांगितलं की फायरवॉल हवी. देवधरांनी खालच्याच गल्लीतून ती एका जुन्या संगणकावर बसवून घेतली. मग त्यांनी विचार केला, कचेरीतलं सगळ्यांत सुरक्षित यंत्र कोणतं? फायरवॉल. आपला सगळ्यांत मौल्यवान ऐवज कोणता? ध्वनिमुद्रणं. मग ती कुठे ठेवायची? त्यांनी त्याच संगणकात मोठी डिस्क घालून घेतली आणि वर्षानुवर्षांची सगळी पुस्तकं, शिवाय विद्यार्थ्यांची नावं, पत्ते, फोन, अपंगत्वाचे दाखले, सगळं त्या फायरवॉलच्याच पोटात ठेवलं. आम्ही सर्वांनी त्यांचं अभिनंदन केल्याचं मला आठवतं.

कचेरीतल्या इतर संगणकांवरून या फाईली उघडता येत. कचेरीबाहेरून येत नसत. म्हणजे मुलांनी पेनड्राइव्ह घेऊन बुधवारात यायचं, गर्दीतून वाट काढत जिना चढायचा, आणि हवं ते पुस्तक भरून न्यायचं. त्यांतलीच एक अश्विनी. जन्मापासून दिसत नाही, शिरूरजवळच्या गावची, वाघोलीला वसतिगृहात राहून कायदा शिकणारी. ती दोन बस बदलून यायची. जिभेला धार अशी की ही वकील होणार याबद्दल आमच्यात दुमत नव्हतं.

त्या वर्षी ऐन परीक्षेच्या तोंडावर आमच्या इमारतीचा जिना धोकादायक ठरला आणि तो पाडून नवा बांधायचं ठरलं. काही महिने वर यायला मागच्या बाजूचा लोखंडी जिना तेवढा राहणार होता. तो इतका उभा आणि अरुंद, की मीसुद्धा तो देवाचं नाव घेत चढायचो. मुलांनी तिथून यायचा प्रश्नच नव्हता. पुस्तकं वर, मुलं खाली, आणि परीक्षा समोर. अश्विनीने कॉलेजात चौकशी करून नेटवर्कवाल्या बाई शोधून काढल्या आणि आमच्याकडे पाठवल्या. मेश्राम मॅडम आल्या त्या अशा.

चहा झाल्यावर त्यांनी आमचं यंत्र पाहिलं. फाईली कुठे आहेत असं विचारलं. देवधरांनी अभिमानाने फायरवॉलकडे बोट दाखवलं. मॅडमनी एकदा यंत्राकडे, एकदा देवधरांकडे बघितलं.

"ह्याच्या आत?"

"अर्थात. सर्वांत सुरक्षित."

"काका, दारावरच्या रखवालदाराच्या उशाखाली तुम्ही घरातलं सगळं ठेवून दिलं," त्या म्हणाल्या, "आणि आता गावभरच्या लोकांना सांगून राहिले, की या आणि त्याच्या उशाखाली हात घाला."

पुढच्या शनिवारी बैठक झाली. जिना बंद व्हायच्या आधीची ती शेवटची बैठक, त्यामुळे अश्विनीही आली होती. ज्या दुकानातून यंत्र घेतलं होतं तिथल्या माणसाने देवधरांना सांगून ठेवलं होतं की पाच मिनिटांचं काम आहे. फाईलींचा फोल्डर बाहेरच्या जगाला उघडा करून देतो, कुणीही कुठूनही उघडावा. देवधरांना ते पटलं होतं. मुलांची परीक्षा त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त लागून राहिली होती, हेही सांगायला हवं.

मॅडम म्हणाल्या, "नाही."

"अहो, पुस्तकंच आहेत," देवधर म्हणाले. "पाठ्यपुस्तकं चोरून कोण काय करणार आहे?"

"चोराला पुस्तक नको असते. ज्या यंत्रात तो शिरतो त्याच यंत्रात सगळ्या घराच्या किल्ल्या आहेत. आणि मुलामुलींचे पत्ते, फोन आहेत. ह्या मुलीचा फोन कोणाच्याही हाती लागू द्यायचा का तुम्हाला?"

देवधर थोडे गडबडले आणि मग त्यांच्या तोंडून ते गेलं. "मॅडम, राग मानू नका. पण तुमच्यासारख्यांनी तरी दारं बंद ठेवायची भाषा करू नये."

 माणूस वाईट नाही, पण कोणतं वाक्य कुठे पोचतं याचा अंदाज त्यांना तोंड मिटल्यावर येतो. मी टेबलावरचा कागद उगाच सरळ करत बसलो.

मॅडमचा आवाज चढला नाही. "माझे आजोबा भंडाऱ्याकडचे," त्या म्हणाल्या. "त्यांना गावात नाही म्हणायचे. पण काका, त्यांना प्रश्न कोणी विचारत नव्हतं. कोण आहेस, कशासाठी आलास, काही नाही. आडनाव ऐकलं की उत्तर तयार. छप्पन साली त्यांनी नागपूरला जाऊन धम्माची दीक्षा घेतली, आणि त्यानंतर ते कोणाच्या दारात उभे राहिले नाहीत. माझी फायरवॉल आडनाव वाचत नाही. ती सगळ्यांना नाही म्हणते. तुम्हाला, मला, कॉलेजच्या अध्यक्षांना. आणि मग सगळ्यांना तेच प्रश्न विचारते, आणि उत्तर बरोबर असलं तर दार उघडते. ह्या दोन नाहींमध्ये फरक आहे."

देवधरांनी चष्मा काढून पुसला. "बोलण्यात चूक झाली माझ्या."

"प्रश्न होता. उत्तर दिलं," मॅडम म्हणाल्या आणि पाण्याचा ग्लास पुढे ओढला.

पण अश्विनी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "मॅडम, मला 'नाही' ऐकायची सवय हाय," ती म्हणाली. चिडली की ती गावाकडचं बोलायची. "बँकेत नाही, वसतिगृहात वरच्या मजल्यावरची खोली नाही, परीक्षेला लेखनिक मागितला तरी आधी नाहीच. तुमचं ते प्रश्न विचारून होईस्तवर माझा पेपर निघून गेला तर?"

मॅडम तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या. "पेपरच्या आधी तुझ्या खोलीत, तुझ्या कानात पुस्तक येईल. हे मी सांगून राहिली. नाही आलं तर तू मला काहीही बोल."

"बोलेनच," अश्विनी म्हणाली.

आता सगळ्यांची भिस्त मॅडमनी दिलेल्या त्या शब्दावर होती.

मॅडमनी कामाला लगेच सुरुवात केली. पहिलं काम फाईली फायरवॉलमधून बाहेर काढायचं. कचेरीच्या आतल्या बाजूला एक वेगळा संगणक ठेवायचा, पुस्तकं त्याच्यात, आणि फायरवॉलने फक्त दार सांभाळायचं. त्या नव्या संगणकाची जुळवाजुळव करत होत्या तेवढ्यात अश्विनीने मान वाकडी केली. "मॅडम, ह्या जुन्या डब्याला खोकला झालाय का?"

आम्हाला कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. मॅडमनी पंखे बंद करायला लावले, देवधरांना गप्प बसवलं आणि कान यंत्राला लावला. बराच वेळ काही नाही, मग आतून अगदी बारीक टकटक. मॅडमचा चेहरा उतरला. "डिस्क चालली," त्या म्हणाल्या. "बंद केली तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही. निघेल तेवढं आत्ताच काढायचं." मग अश्विनीकडे वळून, "काय आधी काढू?"

मला वाटलं ही कायदा म्हणणार. ती म्हणाली, "बारावीची पुस्तकं. त्यांचा पेपर सगळ्यांच्या आधी हाय."

बारावीची निघाली, कला शाखेची निघाली, विद्यार्थ्यांची माहिती निघाली. आम्ही सगळे त्या खोकणाऱ्या डब्याभोवती आजाऱ्याच्या खाटेभोवती बसावं तसे बसलो होतो. कायदा शेवटी घेतला. त्यातलं बरंचसं आलं, आणि मग पुराव्याच्या कायद्याचे शेवटचे पाठ बाकी असताना टकटक थांबली. देवधर नुसतेच खुर्चीत बसून राहिले. ज्या यंत्रावर त्यांचा सगळ्यांत जास्त विश्वास, त्यानेच दगा दिला होता. मॅडम त्यांना एवढंच म्हणाल्या, "काका, तुमच्यामुळे इतकी वर्षं टिकलं. आता जागा बदलू." कुणाला धीर द्यायचा असला की त्या आधी 'नाही' म्हणत नसत, हे मी तेव्हा पाहिलं.

गेलेले पाठ वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण ते मूळचेही माझ्याच आवाजातले होते. गोधड्यांच्या खोलीत आता कामगारांचे हातोडे ऐकू येत, म्हणून मी वारज्याला घरीच, पलंगावर बसून, डोक्यावरून गोधडी घेऊन वाचायला लागलो. बायको दारातून म्हणायची, "न्यायमूर्ती बाहेर आले की चहा मिळेल."

तोवर मॅडमनी त्यांची व्यवस्था उभी केली. ती त्यांनी आम्हाला समजेल अशी सांगितली. रस्त्यावरून कुणालाही दिसेल असं दार ठेवायचंच नाही. ज्याला फाईली हव्यात त्याच्या संगणकापासून आपल्या वाचनालयापर्यंत एक खासगी बोगदा काढायचा. आतून काय जातं ते बाहेरच्याला कळत नाही. प्रत्येकाची किल्ली वेगळी. बोगद्यातून आलेला माणूस पुस्तकांच्या संगणकापर्यंत पोचतो, फायरवॉलच्या खोलीत त्याला पाऊल ठेवता येत नाही. आणि प्रत्येक किल्लीला शेवटची तारीख. ती तारीख उलटली की किल्ली आपोआप निकामी.

मी वारज्याहून वाचलेलं पाठवायचं म्हणजे मलाही किल्ली हवी. मी फोन केला. इतके दिवस बरोबर काम करत होतो, त्यांना चहा कसा लागतो ते मला पाठ होतं. "नाही," मॅडम म्हणाल्या. "कोण?" मी माझं नाव सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, शक्य तितक्या कुजकट आवाजात. "कशासाठी? कधीपर्यंत?" सगळी उत्तरं घेतली आणि मग किल्ली दिली. त्या दिवशी मला राग आला होता. पण देवधरांना विचारलं तेव्हा कळलं की त्यांचीही अशीच तपासणी झाली, आणि मग माझा राग बराच उतरला.

पहिली चाचणी एका शनिवारी दुपारी. मी आणि मॅडम लोखंडी जिना चढून बुधवारात, अश्विनी वाघोलीला तिच्या खोलीत, फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवलेला. अश्विनी संगणक वापरते तो कानाने. पडद्यावर जे असेल ते एक प्रोग्राम तिला वाचून दाखवतो. मॅडमनी पाठवलेला बोगद्याचा प्रोग्राम तिने सुरू केला. फोनमधून तो यांत्रिक आवाज ऐकू आला, "बटण." मग पुन्हा, "बटण. चित्र. बटण. बटण."

"कोणतं बटण आहे ते सांगत नाही का?" मॅडमनी विचारलं.

"नाही. नुसतं बटण म्हणतोय." थोडा वेळ ती इकडे तिकडे करत राहिली. 'बटण, बटण' चालूच होतं. मग ती हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "मॅडम, दार तुम्ही झकास केलंय. कडी कुठं हाय तेवढं सापडंना."

ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, नेमकी तीच मुलं बाहेर राहिली होती. प्रोग्राम करणाऱ्यांनी बटणांवर सुंदर चित्रं काढली होती आणि त्यांना नावं द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. परीक्षा जवळ आलेली. मॅडमनी फोन बंद केला आणि कपाळाला हात लावून बसल्या. मी काही तरी समजुतीचं बोलायला गेलो, तर म्हणाल्या, "थांबा सर. मी तिला तिन्ही प्रश्न विचारले. कोण, कशासाठी, कधीपर्यंत. येशील कशी, हे विचारलंच नाही."

मग त्यांनी हात पुढे करून समोरच्या संगणकाचा पडदा बंद केला. संगणक चालू, पडदा काळा. कानाला हेडफोन लावले आणि वाचून दाखवणारा तो प्रोग्राम सुरू करून अश्विनीसारखं काम करायला लागल्या. सुरुवातीला काही जमेना. ज्या बाई एरवी डोळे मिटून नेटवर्क बांधतील असं आम्ही म्हणायचो, त्यांना डोळे मिटल्यावर एक फाईल उघडता येईना. त्या स्वतःवरच खेकसायच्या, "काय करून राहिली तू, मागे गेली ना." मग अश्विनीला फोन लावला आणि म्हणाल्या, "मला शिकव."  अश्विनी म्हणाली, "नाही. कोण बोलतंय?" मॅडम इतक्या मोठ्याने हसल्या की खालचा दुकानदार वर बघायला लागला.

त्यानंतरचे काही दिवस ती शिकवणी चालू होती. मॅडम कॉलेजातून आल्या की पडदा बंद करून बसायच्या आणि वाघोलीहून अश्विनी त्यांना रागवायची. शेवटी मॅडमनी चित्रांचा तो देखणा प्रोग्राम काढूनच टाकला. त्याऐवजी दोन कळा एकदम दाबल्या की बोगदा जोडला जाईल आणि संगणक स्वच्छ मराठीत 'जोडलं' म्हणेल, अशी साधी व्यवस्था केली. तो 'जोडलं' हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच वाचून घेतला. एका शब्दासाठी मला गोधडीत तीनदा बसवलं, कारण मी तो म्हणे भाषण केल्यासारखा म्हणत होतो.

दुसऱ्या चाचणीला फोन पुन्हा टेबलावर ठेवला. मग कळ दाबल्याचा आवाज, आणि माझाच आवाज: "जोडलं." मग फाईलींची नावं भराभर वाचली जाऊ लागली, आणि मग पुराव्याच्या कायद्याचा तो पाठ, जो मी वारज्याला गोधडीखाली वाचला होता, वाघोलीच्या खोलीत सुरू झाला आणि फोनवरून परत बुधवारात आमच्याकडे आला.  अश्विनी ऐकत होती. आम्हीही ऐकत बसलो. मॅडमनी पदराने डोळे पुसले, आणि माझेही भरून आले होते. त्यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही.

"सर," अश्विनी अखेर म्हणाली, "तळटीपा इतक्या दुःखात नका वाचत जाऊ. आरोपी सुटलेला हाय त्यात."

ती त्या परीक्षेत पास झाली, आणि पुढच्याही. बारावीची मुलं, कला शाखेची मुलं, घरून, वसतिगृहातून, एक तर साताऱ्याकडच्या गावातून, पुस्तकं ऐकायला लागली. जिना पुढे नवा झाला, चांगला रुंद, कठड्यासकट, पण पेनड्राइव्ह घेऊन तो चढायची गरज आता कुणाला उरली नाही. मुलं येतात ती गप्पा मारायला. किल्ल्या द्यायचं काम मॅडमनी हळूहळू अश्विनीला शिकवलं. काळ्या पडद्यावर टाइप करायच्या आज्ञा, त्यात चित्र नाही की बटण नाही. अश्विनी ते कानाने आमच्या कुणापेक्षाही भरभर करते. प्रश्न मात्र आता चार झाले होते. कोण, कशासाठी, कधीपर्यंत, आणि कसं.

मग मॅडमनी नागपूरला परत जायचं ठरवलं. आई तिकडे एकट्या, आणि काचबिंदूने त्यांची नजर झपाट्याने जात चालली होती. निरोपाच्या दिवशी आम्ही शाल आणि पेढे आणले. मॅडमनी आधी काम संपवलं. अश्विनीच्या शेजारी बसून त्यांनी स्वतःची किल्ली रद्द करून घेतली. देवधर कळवळून म्हणाले, "अहो, असू द्या की. अडीअडचणीला तुम्ही तिकडून बघाल."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "माझं काम कधीपर्यंत होतं? आजपर्यंत. अडचण आली तर फोन करा, मी तोंडी सांगीन. ज्याचं काम संपलं त्याची किल्ली ठेवायची नसते, काका. माझी असली तरी."

मला वाईट वाटलं. ज्यांनी सगळी दारं बांधली त्यांनाच आता आत यायला जागा नव्हती, आणि ही गोष्ट त्यांनी स्वतःच्या हाताने, पेढा खायच्या आधी करून टाकली होती. लोखंडी जिना काढून टाकला होता. नव्या जिन्यावरून त्या सावकाश उतरल्या आणि वायरींच्या दुकानांमधून, रिक्षांच्या गर्दीत, दिसेनाशा झाल्या.

काही महिने गेले. एका शनिवारी मी वाचनालयात होतो आणि फोन अश्विनीने घेतला. पलीकडचा आवाज ऐकून तिचा चेहरा उजळला, पण आवाजात तिने काही येऊ दिलं नाही. मॅडमना किल्ली हवी होती. अश्विनीने फोन मोठ्या आवाजात लावला आणि म्हणाली, "नाही."

 मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे. विचार."

"कोण?"

"सुनंदा मेश्राम. पण माझ्यासाठी नाही. माझ्या आईसाठी, गयाबाई मेश्राम."

"कशासाठी?"

"तिची नजर गेली. वाचायची फार हौस होती तिला. शाळा चौथीपर्यंत, पण हाताला येईल ते वाचायची, किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा. आता दिवसभर खिडकीपाशी नुसती बसून असते."

"त्या उघडणार कसं?"

"दोन कळा. मी त्यांच्यावर तांदळाचे दाणे चिकटवले आहेत. तिला हाताला लागतात."

आता एकच प्रश्न राहिला होता. अश्विनीने तो विचारला, "कधीपर्यंत?"

 आयुष्यभर ज्यांनी हा प्रश्न दुसऱ्यांना विचारला त्यांना त्याचं उत्तर येईना. मला त्या मुलीचा रागच आला. म्हटलं, म्हाताऱ्या बाईच्या बाबतीत असं विचारतात का, काही तरी भरून टाक. पण तारखेची जागा रिकामी सोडता येत नाही. मॅडमनीच तशी व्यवस्था केली होती.

अश्विनीची बोटं कळांवर थांबली होती. मग ती भराभर टाइप करू लागली. "एक वर्ष टाकलंय," ती म्हणाली. "वर्ष झालं की किल्ली बंद पडेल, मॅडम. मग तुम्ही मला फोन करायचा. मी नाही म्हणेन. तुम्ही सगळी उत्तरं द्यायची, मी पुढचं वर्ष टाकेन. दर वर्षी. चालेल?"

"चालेल," मॅडम म्हणाल्या. 

गयाबाई आता दुपारची भांडी झाली की दाण्यांवर बोट ठेवून बसतात. इतिहास आवडतो, अर्थशास्त्र आवडत नाही, आणि राज्यघटना त्यांनी दोनदा ऐकली, ढोलासकट. माझ्याबद्दल त्यांनी मुलीकडे चौकशी केली, की हा माणूस बरा आहे ना, मध्येमध्ये इतका दुःखी काहून होऊन राहिला? मी तळटीपांवर काम करतो आहे.

गेल्या महिन्यात ते वर्ष संपलं. आदल्या आठवड्यापासून मी आणि देवधर काही ना काही निमित्त काढून वाचनालयात जाऊन बसत होतो. काय निमित्त ते एकमेकांना विचारत नव्हतो. फोन वाजला की दोघंही तिकडे बघायचो. शनिवारी दुपारी नागपूरहून फोन आला. अश्विनी 'नाही' म्हणाली, आणि देवधरांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला.